बेकारी : मुलाची कीं काळाची ?

गेल्या महिन्यांत एका वाचक भगिनींचें पत्र आलें. त्यांचा पुतण्या पदवीधर होऊन चार वर्षें लोटलीं. तो पुण्यास खोली घेऊन स्पर्धा-परीक्षांचा अभ्यास करीत आहे आणि त्याचा खर्च एकत्र कुटुंबाच्या तिजोरींतून जात आहे. वडील मंडळी त्यास आळशी म्हणतात. त्याची आई डोळ्यांस पदर लावते. भगिनी विचारतात, "देशाची संपत्ति वाढते आहे असें रोज वाचतों; मग आमच्याच घरचा मुलगा रिकामा कां ?"

प्रश्न एका घरचा नाहीं, म्हणून उत्तर येथें देतों.

संपत्ति वाढणें व काम वाढणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मुंबईंतील गिरण्यांत १९८२ सालीं संप झाला, तेव्हां सुमारें अडीच लाख कामगार त्यांत सामील होते. पुढें अनेक गिरण्यांच्या जागीं टोलेजंग इमारती व दुकानें उभीं राहिलीं. जमिनीचें मोल कितीतरी पटींनीं वाढलें. पण तितक्या हातांस तेथें काम उरलें नाहीं. संगणक-उद्योगाचेंहि तसेंच. त्यानें पुण्याचें रूप पालटलें. परंतु त्यांत थेट काम करणारे सुमारें ५० लाख, आणि देशांतील श्रमिक ५० कोटींहून अधिक. शंभरांत जेमतेम एकास तेथें जागा !

उरलेले कोठें जातात ? जपान, कोरिया व चीन येथें शेतीवरील माणसें कारखान्यांत गेलीं आणि सुखवस्तु झालीं. आपल्याकडे ती वाट अरुंद राहिली. कारखानदारीचा राष्ट्रीय उत्पन्नांतील वांटा शेंकडा २५ वर न्यावा व १० कोटी नवीं कामें निर्माण व्हावीं, असें धोरण सरकारनें २०११ सालीं आंखलें. दहा वर्षांनंतरहि तो वांटा शेंकडा १७ च्याच आसपास होता. इतकेंच नव्हे, तर २०१८-१९ मध्यें शंभर श्रमिकांपैकीं सुमारें ४२ शेतीवर होते, ते २०२३-२४ मध्यें ४६ झाले. महामारींत गांवीं परतलेलीं कित्येक माणसें शेतावरच राहिलीं. जमीन मात्र वाढत नाहीं. सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ मध्यें २.२८ हेक्टर होतें, तें २०१५-१६ मध्यें १.०८ हेक्टरवर आलें. दोघांच्या शेतांत पांच भाऊ राबले म्हणजे पांचहि कामांत दिसतात; तिघे निघून गेले तरी पीक तेवढेंच येतें. ही झांकलेली बेकारी होय.

म्हणूनच २०२३-२४ च्या सरकारी पाहणींत बेकारीचें प्रमाण शेंकडा ३.२ एवढेंच भरलें, यानें कोणी हुरळून जाऊं नये. घरच्या धंद्यांत बिनपगारी हातभार लावणाराहि तेथें कामकरी गणला जातो. शिवाय, ज्याच्या घरीं आज चूल पेटली पाहिजे, त्यास बेकार राहणें परवडतच नाहीं. तो मिळेल तें काम पत्करतो. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या अहवालाप्रमाणें २०२२ मध्यें भारतांतील निरक्षर तरुणांत बेकारी शेंकडा ३.४ होती, तर पदवीधर तरुणांत २९.१ ! पदवीधरास वाट पाहतां येते, कारण त्याच्या पाठीशीं घर असतें.

तो कशाची वाट पाहतो ? शाश्वत नोकरीची. खाजगी क्षेत्रांत बरीच कामें अल्प वेतनाचीं व करार नसलेलीं. सरकारी नोकरींत वेतन, रजा व प्रतिष्ठा एकत्र मिळतात. २०१८ सालीं रेल्वेच्या सुमारें ९० हजार जागांस दोन कोटींहून अधिक अर्ज आले. त्या रांगेंत उभा राहणारा मुलगा आळशी नव्हे. पहांटे उठून तो अभ्यासिकेंत जाऊन बसतो. पण रांगच अशी आहे कीं सर्वांनीं दुप्पट अभ्यास केला तरी जागा एकानेंहि वाढणार नाहीं.

तेव्हां वडील मंडळींस आमची विनंति ही कीं, मुलास दूषणें देऊं नयेत आणि मोकळा दोरहि देऊं नये. त्याच्यासह बसून प्रयत्नांची मुदत ठरवावी, आणि त्या मुदतींतच हिशेब, यंत्रदुरुस्ती, भाषांतर असें कांहीं हातचें काम त्यानें शिकावें. मुदत संपल्यावर परत येणाऱ्यास पराभूत समजूं नये. घरानें पोसलेली वाट पाहण्याची शक्ति हें भांडवल आहे. तें एकाच डावावर लावणें शहाणपणाचें नाहीं.

आणखी एक. पत्राच्या शेवटीं सहज लिहिलें आहे कीं, त्याची धाकटी बहीणहि पदवीधर असून 'घरींच असते'. ती काम मागत नाहीं, म्हणून सरकारी पाहणींत ती कामकऱ्यांत नाहीं आणि बेकारांतहि नाहीं. भावाच्या चार वर्षांचा हिशेब सारें घर मांडतें. तिला काम हवें आहे काय, हें कोणी विचारलें आहे काय? भगिनींनीं पुढील पत्रांत तेवढें अवश्य कळवावें.