नाण्याच्या कातडीवरून चांदी मोजू नये

पाली वाङ्मयात मिलिंद या नावाने येणारा यवन राजा मिनँडर इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात पंजाब-गांधारवर राज्य करीत होता. त्याचा चांदीचा द्रम्म जेमतेम अडीच ग्रॅमचा. एका बाजूस ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूस खरोष्ठीतील प्राकृत. (मराठीतला ‘दाम’ याच ग्रीक द्रॅक्माचा वंशज.) असल्या द्विभाषिक नाण्यांच्या आधारे १८३०च्या दशकात जेम्स प्रिन्सेप आदी अभ्यासकांनी खरोष्ठी लिपी उलगडली. आता त्याच नाण्यांना निराळा प्रश्न विचारला जातो : यांत चांदी किती? उत्तर देण्याची मात्र फार घाई होते आहे.

हातात मावणारे क्ष-किरण प्रतिदीप्ती यंत्र नाण्यावर टेकवले की काही सेकंदांत टक्केवारी उमटते. नाण्याला ओरखडाही पडत नाही; संग्रहालयांना ते आवडते यात नवल नाही. परंतु ती टक्केवारी नाण्याची नसते, त्याच्या कातडीची असते. तांब्याचा ८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा क्ष-किरण चांदीत इतक्या लवकर शोषला जातो की सुमारे १० मायक्रोमीटरपेक्षा खालच्या तांब्याची वार्ता यंत्राला जवळजवळ कळतच नाही. शिवाय दोन हजार वर्षे मातीत पडलेल्या मिश्रधातूतून तांबे आधी झिजून जाते. मागे उरणारा चांदीसमृद्ध थर १०० मायक्रोमीटरहूनही जाड असू शकतो. हिणकस नाणे वरून उत्तम दिसते, आणि यंत्र त्या दिसण्यावर शिक्कामोर्तब करते.

याने बिघडते काय, तर इतिहास. पूर्व पंजाबातील अखेरच्या यवन राजांची, स्ट्रॅटो नावाच्या राजांची, चांदी हिणकस आहे हे सर्वमान्य आहे. पण ही घसरण कोणत्या राजापासून सुरू झाली, ती हळूहळू झाली की एकाएकी, हे थोड्याशा टक्क्यांवर ठरते. कातडीचे आकडे घेतले तर घसरणीचा आरंभ पुढे सरकतो; आणि खरवडून स्वच्छ केलेले व न केलेले नाणे एकाच आलेखात बसवले तर टांकसाळीऐवजी संग्रहालयाची सफाईच मोजली जाते.

आर्किमिडीज हा ग्रीक जगातलाच; त्याची पद्धत संपूर्ण नाणे तोलते. २.४५ ग्रॅमचे शुद्ध चांदीचे नाणे पाण्यात बुडवले तर सुमारे २३४ मिलिग्रॅम पाणी सारते, २० टक्के तांबे असलेले सुमारे २४२. फरक अवघा ८ मिलिग्रॅमचा! तराजूत एका मिलिग्रॅमची चूक झाली तरी चांदीच्या प्रमाणात सुमारे अडीच टक्क्यांचा फरक पडतो, आणि आतली पोकळी किंवा शिसे आणखी फसवते. तरीही ही पद्धत स्वस्त आहे व तिची चूक उघड दिसते. विद्यार्थ्यांनी आधी तीच शिकावी.

त्यापुढे न्यूट्रॉन. ते नाण्याच्या गाभ्यापर्यंत पोचतात. मात्र चांदी त्यांना हावरटपणे शोषते आणि काही काळ किरणोत्सारी होते. तिच्या एका समस्थानिकाचा अर्धायुकाल सुमारे २५० दिवसांचा आहे. अभिरक्षकांचा संकोच म्हणूनच रास्त ठरतो. मंद न्यूट्रॉनझोतात तत्काळ निघणारे गॅमा किरण मोजणे हा त्यातला सौम्य मार्ग. ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीवर तशी सोय आहे. ती नाण्यांसाठी नियमित वापरली जावी, आणि तोवर प्रत्येक प्रसिद्ध टक्केवारीबरोबर मापनाची खोली व संभाव्य चूक छापली जावी. खोली न सांगणारा आकडा संपादकांनी परत पाठवावा.

हा हट्ट केवळ पंजाबपुरता नाही. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथानुसार इसवी सनाच्या पहिल्या शतकात भडोचच्या बाजारात अपोलोडोटस व मिनँडर यांचे जुने द्रम्म अजून चालत होते. त्याच टापूवर सत्ता गाजवणाऱ्या क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवरही ग्रीक अक्षरे आहेत. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे अशी १३ हजारांहून अधिक नाणी सापडली. यवनांची जुनी चांदी वितळवून ही नाणी पाडली गेली का? चांदी शुद्ध करताना तिच्यातले अंशमात्र सोने तसेच राहते, तेव्हा पुरावा असलाच तर तो तिथे, गाभ्यात आहे.