मोजून पाहिले म्हणजे सिद्ध झाले काय?

त्रिकोणाच्या तिन्ही मध्यगा एकाच बिंदूतून जातात, हे विद्यार्थ्यांस पुष्कळदा ज्या रीतीने पटविले जाते, ती रीत भूमितीच्या मुळावरच येणारी आहे. दोनचार त्रिकोण काढावयाचे, पट्टीने मोजावयाचे, आणि 'सिद्ध झाले' म्हणून वही मिटावयाची! आमच्या भिवंडीत असेही ऐकू येते की, ज्यास पुढे यंत्रमागावर अथवा गोदामात उभे राहावयाचे, त्यास सिद्धतेचा काथ्याकूट हवा कशाला?

या मोजणीचीच परीक्षा घेऊ. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. 1150) 14 भूमीचा व 13 आणि 15 भुजांचा त्रिकोण आहे, त्याचा लंब 12. त्यातील मध्यगांचा संपातबिंदू व अंतर्वर्तुळाचे केंद्र हे दोन्ही भूमीपासून बरोबर 4 एकक उंच, आणि परस्परांपासून अवघे एकतृतीयांश एकक दूर आहेत. एककास अर्धा सेंटिमीटर धरून आकृती काढली, तर हे अंतर दोन मिलिमीटरही भरत नाही. बोथट पेन्सिलीचा विद्यार्थी म्हणेल, बिंदू एकच!

आता सिद्धता किती अवघड असते तेही पाहू. भिवंडी, ठाणे व कल्याण यांपासून सरळ रेषेत सारख्या अंतरावर गोदाम बांधावयाचे आहे. दोन गावांस समदूर असलेले सर्व बिंदू, आणि तेवढेच, त्या गावांना जोडणाऱ्या रेषेच्या लंबदुभाजकावर असतात. भिवंडी-ठाण्याचा व ठाणे-कल्याणचा लंबदुभाजक जेथे मिळतात, तो बिंदू तिन्ही गावांस समदूर झाला. मग भिवंडी-कल्याणचा लंबदुभाजक तेथून गेल्यावाचून राहील कसा? तीन वाक्यांत यच्चयावत् त्रिकोणांचा निकाल लागला. एवढे समजावयास गर्भश्रीमंती लागत नाही.

उपपत्ती ही परकीयांची चाल, असे म्हणणाऱ्यांनी कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांचे स्मरण करावे. लीलावतीतील नियम केवळ पाठ करून त्यांचे समाधान झाले नाही. 1545 साली 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहून त्यांनी त्या नियमांच्या उपपत्ती दिल्या.

मागावर बसणाऱ्याच्या मुलास 'काय' तेवढे सांगावे आणि 'का' इतरांसाठी राखून ठेवावे, हा व्यवहार नव्हे, पंक्तिप्रपंच होय. ज्यास 'का?' विचारण्याची सवयच लागली नाही, त्यास उद्या मजुरीचा हिशेब कोणीही वाटेल तसा समजावून द्यावा, आणि त्याने मान डोलवावी!