फौती नामांतरणात वकिलाचे स्थान

मृत व्यक्तीची मालमत्ता वारसांच्या नावे करून घेण्यासाठी वकील नेमावा की नाही, हा सल्ला पक्षकार ज्याच्याकडे मागतो त्याचेच उत्पन्न त्या उत्तरावर अवलंबून असते, आणि म्हणूनच ते उत्तर कोणत्या कसोटीवर द्यावे हे वकिली व्यवसायाने स्वतःशी पक्के करून ठेवणे आवश्यक आहे. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील धूलकोट परिसरात ही कसोटी चांगली पारखली जाते, कारण तेथे महसूल कायदा, वनहक्क आणि आदिवासी रूढी हे तिन्ही विषय अनेकदा एकाच घरात एकत्र येतात.

साधे काम खरोखरच साधे असते. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, 1959 च्या कलम 109 व 110 नुसार खातेदाराच्या निधनानंतर होणारे फौती नामांतरण, म्हणजे महाराष्ट्रात जिला वारस नोंद म्हणतात ती प्रक्रिया, मृत्यूचा दाखला आणि वारसांची वंशावळ यांवर चालते. विरोध नसेल तर तहसीलदाराने 30 दिवसांत आणि वाद असेल तर पाच महिन्यांत आदेश देणे अपेक्षित आहे. वनहक्क कायदा, 2006 खाली मिळालेला पट्टा वारसाहक्काने पुढे जातो, मात्र तो विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. नामनिर्देशन नसलेल्या बँक खात्यांबाबत रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये सहकारी बँकांसाठी 5 लाख आणि इतर बँकांसाठी 15 लाख रुपयांपर्यंतचे निर्विवाद दावे सोप्या कागदपत्रांवर निकाली काढण्याची तरतूद केली. अशा कामांसाठी शुल्क आकारून वकीलपत्र दाखल करणे अनावश्यक आहे, आणि तसे पक्षकाराला स्पष्ट सांगणे हेच योग्य आहे.

प्रश्न आहे तो ‘विरोध नाही’ या शब्दांचा. पटवाऱ्यासमोर ठेवल्या जाणाऱ्या वंशावळीत, जिला तिकडे ‘सजरा’ म्हणतात, मृताच्या नावाखाली मुलांच्या रेघा ओढलेल्या असतात. सासरी गेलेल्या मुलीची रेघ मात्र कधीकधी ओढलेलीच नसते. जिला कोणी कळवलेच नाही तिने विरोध केला नाही, याला संमती म्हणता येत नाही. बहिणीने हक्क सोडला असे सांगितले जाते तेव्हाही स्थावर मालमत्तेसाठी नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. अर्जावरील अंगठा त्याची जागा घेत नाही. शिवाय नामांतरणाने मालकी ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातूनच आलेल्या जितेंद्र सिंह प्रकरणात सप्टेंबर 2021 मध्ये पुन्हा स्पष्ट केले. वाटणीच्या अर्जात मालकीचा प्रश्न उपस्थित झाला तर कलम 178 नुसार तहसीलदाराला कामकाज तीन महिने थांबवावे लागते, म्हणजे पक्षकाराला दिवाणी दावा दाखल करता यावा. ते तीन महिने वाया जाऊ नयेत यासाठी वकील लागतोच.

आदिवासी कुटुंबांत ही गरज अधिक खोल आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 चे कलम 2(2) केंद्र सरकारची अधिसूचना नसेल तर अनुसूचित जमातींना तो कायदा लागू करत नाही, त्यामुळे भिलाला किंवा बारेला कुटुंबातील मुलीच्या हिश्श्याचा प्रश्न रूढीवर येऊन थांबतो. परंतु 17 जुलै 2025 रोजी राम चरण विरुद्ध सुखराम या गोंड कुटुंबाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की स्त्रीला वगळणारी रूढी गृहीत धरता येत नाही, आणि ती सिद्ध झाली नसताना स्त्रीला वाटा नाकारणे हा समानतेच्या हक्काचा भंग आहे. रूढी सिद्ध करणे किंवा खोडून काढणे हे पुराव्याचे काम आहे: जुन्या नोंदी, जाणत्या व्यक्तींच्या साक्षी, पूर्वीच्या वाटण्यांची उदाहरणे. एकट्या वारसाला हे पेलणारे नाही.

मालमत्ता किती मोठी आहे, यावरून वकिलाची गरज ठरवण्याची सवय म्हणूनच सोडली पाहिजे. दोन एकरांच्या जमिनीतही एखाद्या वारसाचे नाव गाळले गेले असेल किंवा त्याचा हक्क रूढीवर अवलंबून असेल, तर वकील हवा; एरवी बहुधा नको. ज्या स्त्रीला आणि ज्या आदिवासी वारसाला तो हवा असतो, त्यांना विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. वकिलांनी अशा पक्षकाराला शुल्क सांगण्यापूर्वी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा अर्ज भरून द्यावा, आणि त्याआधी सजऱ्याचा कागद मागून घेऊन त्यातील प्रत्येक मुलीचे नाव स्वतः वाचावे.