हाडाचा तुकडा आणि दोन बाटल्या

मणक्याचा क्षयरोग म्हटला की जंतूंनी पोखरलेले हाड डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात हे पोखरण्याचे काम जंतू स्वतः करत नाहीत. ते करतात रुग्णाच्याच हाडातल्या ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी. एरवी या पेशी उपयोगाच्या. जुने हाड त्या विरघळवतात, मग दुसऱ्या पेशी तिथे नवे बांधतात. क्षयाच्या जंतूंमुळे दाह सुरू झाला की मात्र त्यांची संख्या वाढते, त्या चेकाळतात. पाडकाम पुढे, बांधकाम मागे, आणि एक दिवस मणका खचतो.

गोवंडीत हा विषय पुस्तकी नाही. नटवर पारेख कंपाउंड आणि शेजारच्या मानखुर्दमधले लल्लूभाई कंपाउंड यांसारख्या पुनर्वसन वसाहतींत खेटून बांधलेल्या इमारतींच्या खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही, हवा खेळत नाही. याचा क्षयाशी असलेला संबंध ‘डॉक्टर्स फॉर यू’ संस्थेच्या 2018 मधील अभ्यासाने दाखवला. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाच्या रुग्णांसाठी ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ला इथे दवाखाना चालवावा लागला. फुप्फुसाच्या क्षयात निदान थुंकी तरी तपासता येते. मणक्याच्या क्षयात बहुतेकदा हाती असतो तो सुईने काढलेला हाडाचा एवढासा तुकडा.

त्या तुकड्यात हाड खाणाऱ्या पेशी शोधण्याची एक सुंदर रीत प्रयोगशाळांकडे आहे. तिला ‘ट्रॅप’ रंजन म्हणतात. आम्लात काम करणारे फॉस्फटेज हे विकर शरीरातल्या अनेक पेशींत असते. चिंचेला आंबटपणा देणाऱ्या टार्टारिक आम्लाचा क्षार घातला की त्यातले बहुतेक प्रकार बंद पडतात. ऑस्टिओक्लास्टमधले विकर मात्र चालूच राहते. काचपट्टीवर त्याला एक रसायन ‘खायला’ दिले जाते, ते तुटते, सोबतच्या रंगद्रव्याशी जुळते आणि नेमकी ती पेशी लाल होते. तीन किंवा अधिक केंद्रके असलेल्या लाल पेशी मोजायच्या. 1980 च्या दशकापासून हाडांच्या संशोधनात ही पद्धत रुळली आहे.

पण रंग येतो तो विकर काम करत असेल तरच, आणि खरी गोम इथेच आहे. हाड दगडासारखे, त्याचे पातळ काप काढायचे तर आधी त्यातले कॅल्शियम काढून टाकावे लागते. नायट्रिकसारखे तीव्र आम्ल ते काही तासांत उरकते, पण विकर मारून टाकते. ईडीटीए हे सौम्य रसायन विकराला सांभाळते, मात्र त्याला दिवस लागतात, टणक हाडाला आठवडेही. घाई केलेल्या नमुन्याची काचपट्टी कोरी राहते आणि पेशीच नव्हत्या असा गैरसमज होऊ शकतो. तीव्र आम्लाने डीएनएचीही नासाडी होते, त्यामुळे पुढे त्याच तुकड्यावर जनुकीय तपासणी करावी म्हटले तरी अवघड.

मग गोवंडीतल्या रुग्णाने ‘ट्रॅप’चा आग्रह धरावा का? नाही. लाल पेशी म्हणजे क्षय नव्हे. हाडाच्या काही गाठींतही त्या ढिगाने सापडतात. शिवाय क्षयाच्या गाठीत बहुकेंद्रकी पेशींचा आणखी एक प्रकार असतो, तो वेगळाच. उपचार ठरवायला ही मोजणी लागत नाही आणि अनुभवी पॅथॉलॉजिस्ट नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगातही ऑस्टिओक्लास्ट ओळखतो. या रंजनाची जागा संशोधनात आहे आणि तिथे ते हवेच. जंतू मरत असतानाही काही रुग्णांचा मणका आणखी का वाकतो, हाडाची झीज रोखणारी औषधे तिथे कामी येतील का, हे प्रश्न लाल पेशी मोजल्याशिवाय सुटणार नाहीत.

रुग्णाने आग्रह धरायचा तो दुसऱ्याच गोष्टीचा. काढलेला सगळा तुकडा एकाच बाटलीत, फॉर्मलिनमध्ये, बुडवून पाठवण्याची सवय अजून सुटलेली नाही. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात, त्यांचे कल्चर होऊ शकत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली ‘क्षय असावा’ इतके कळते, कोणते औषध चालेल ते कळत नाही. जिथे औषधांना दाद न देणारा क्षय घरोघरी माहीत आहे, तिथे हे अर्धवट उत्तर महागात पडते, कारण हाडाच्या क्षयाचे उपचार वर्षभर, कधी त्याहून जास्त चालतात. चुकीच्या गोळ्यांवर त्यातले चार महिने गेले तर तेवढ्यात पायांतली ताकदही जाऊ शकते. आणि मणक्यात पुन्हा सुई घालणे ही रोजंदारीवरच्या माणसासाठी, खरे तर कोणासाठीच, किरकोळ बाब नाही.

यावरचा उपाय जवळजवळ फुकट आहे. एका बाटलीत फॉर्मलिन, दुसऱ्या निर्जंतुक बाटलीत साधे सलाईन. दुसरीतल्या तुकड्यावर जीनएक्स्पर्ट तपासणी होते आणि यंत्रात घातल्यापासून सुमारे दोन तासांत रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला विरोध आहे का ते कळते. कल्चरला सहा आठवड्यांपर्यंत थांबावे लागते. बाटल्या दोन लागणार हे शस्त्रक्रियागृहातच, सुई टोचण्याआधी ठरायला हवे. नमुना प्रयोगशाळेत नेऊन देण्याचे काम पुष्कळदा नातेवाइकांकडेच येते. त्यांनी निघण्यापूर्वी बाटल्या मोजून घ्याव्यात, कोणत्या बाटलीत काय आहे ते वर लिहून घ्यावे आणि सलाईनची बाटली त्याच दिवशी पोहोचवावी.