मोठा टीव्ही स्वस्त झाला, पण बासचं काय? ‘इन्फिनिट बॅफल’ सबवूफर कोणाच्या घरात बसतो

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. तेव्हापासून मला येणाऱ्या प्रश्नांचा सूर बदललाय. आधी लोक विचारायचे, ‘५५ इंच घेऊ की ६५?’ आता विचारतात, ‘टीव्ही तर घेतला, पण आवाज फुसका येतो, काय करू?’

आवाज फुसका येणारच. टीव्ही जितका पातळ, तितके त्यातले स्पीकर छोटे. खोल बास म्हणजे भरपूर हवा ढकलणं, आणि ते काम एवढ्याशा स्पीकरला जमत नाही. मग शोध सुरू होतो. साउंडबार, होम थिएटर असं बघत बघत माणूस यूट्यूबवर अमेरिकेतल्या एखाद्या घराच्या व्हिडिओपाशी पोचतो. छताला चौकोनी भोक, त्यात चार पंधरा-इंची स्पीकर आणि खोका नाहीच. याला म्हणतात इन्फिनिट बॅफल सबवूफर. ‘खोका नाही म्हणजे खर्च कमी, मग आपणही घरी करू’ असं पुष्कळांना वाटतं.

यातलं अर्धं खरं आहे. माझ्या मते या सबवूफरचा खरा खर्च पैशांत नसतो. तो जागेत असतो, आणि शेजाऱ्याच्या झोपेत असतो.

आधी खोका का लागतो ते समजून घेऊ

स्पीकरचा कोन पुढे गेला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. म्हणजे मागूनही तेवढाच आवाज निघतो, पण उलटा. २० हर्ट्झच्या आवाजाची एक लहर जवळपास १७ मीटर लांब असते. एवढी लांब लहर स्पीकरच्या कडेवरून सहज वळते. पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना भेटले की बास गायब! उघडा स्पीकर टेबलावर ठेवून वाजवून बघा, लगेच कळेल.

खोका मागचा आवाज कोंडून ठेवतो. पण कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. खोका जितका लहान, तितकी ही स्प्रिंग ताठ आणि तितका खोल बास कमी. या स्प्रिंगचा हुशारीने उपयोग करून एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये एआर-१ हा छोट्या बंद खोक्याचा स्पीकर आणला. त्याआधी चांगल्या बाससाठी फ्रिजएवढी कपाटं किंवा घराची भिंतच वापरावी लागायची.

इन्फिनिट बॅफल म्हणजे त्या भिंतीकडे परत जाणं. स्पीकर दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत किंवा छतात बसवायचा. पुढचं तोंड हॉलमध्ये, पाठ पलीकडच्या खोलीत. मागे इतकी हवा असते की ती स्प्रिंगसारखी जाणवतच नाही. तुम्ही हे रोज बघता, फक्त नाव माहीत नसतं. सेडान गाडीत मागच्या काचेखाली जे स्पीकर असतात, त्यांची पाठ डिकीत उघडते. डिकी हाच त्यांचा खोका.

मागे किती जागा लागते?

प्रत्येक सबवूफर ड्रायव्हरच्या माहितीपत्रकात ‘व्हीएएस’ नावाचा आकडा लिटरमध्ये दिलेला असतो. नेव्हिल थिएल यांनी १९६१ मध्ये आणि नंतर रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात जी मापं पक्की केली, त्यातलंच हे एक. हौशी लोकांचा नियम असा: सगळ्या ड्रायव्हरच्या व्हीएएसची बेरीज करा, मागची जागा त्याच्या निदान चौपट हवी, दहापट असेल तर उत्तम.

आता हिशेब करू. समजा पंधरा-इंची ड्रायव्हरचा व्हीएएस २५० लिटर आहे. चार ड्रायव्हर म्हणजे १,००० लिटर. मागे किमान ४,००० लिटर, शक्यतो १०,००० लिटर जागा हवी.

- फ्लॅटमधल्या बेडरूमचा लॉफ्ट, ६ × २ × २ फूट: साधारण ६८० लिटर. एका ड्रायव्हरलाही पुरत नाही.
- जिन्याखालची खोली, ६ × ४ फूट आणि सरासरी ८ फूट उंच: साधारण ५,४०० लिटर. दोन ड्रायव्हरना छान, चारांना जेमतेम.
- १० × १० × १० फुटांची खोली: २८,००० लिटर. चारांना आरामात.

फ्लॅटमध्ये हे गणित इथेच अडतं.

एवढा खटाटोप लोक का करतात?

कारण फरक खरंच मोठा असतो. बासमध्ये सूर एक सप्तक खाली नेला आणि आवाज तेवढाच ठेवायचा म्हटलं, तर चौपट हवा ढकलावी लागते. मी ढोबळ आकडेमोड केली. साडेसहा इंची स्पीकर ६ मिलिमीटर पुढे सरकला तर लिटरच्या दहाव्या भागाहूनही कमी हवा हलते. चार पंधरा-इंची ड्रायव्हर १४ मिलिमीटर सरकले तर जवळपास साडेचार लिटर. म्हणजे पन्नास पटींहून जास्त. शिवाय हवेच्या स्प्रिंगशी झुंजायचं नसल्याने अँप्लिफायरही राक्षसी लागत नाही, काहीशे खरे वॅट पुरतात. ‘खरे’ म्हणतोय, कारण खोक्यावर छापलेल्या ‘५,००० वॅट पीएमपीओ’ला काही अर्थ नसतो.

बाजारात गेलात तर

लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ ‘१८ इंची वूफर’ मागितलात तर बहुतेक वेळा डीजेचा वूफर हातात पडेल. तो ४० हर्ट्झच्या वर जोरात वाजण्यासाठी बनलेला असतो. भिंतीत बसवला तर खाली उतरत नाही. माहितीपत्रकात ‘क्यूटीएस’ बघा. तो ०.५ ते ०.७ च्या आसपास आणि ‘एफएस’ २० हर्ट्झच्या जवळ हवा. गाड्यांच्या सबवूफरमध्ये ‘फ्री एअर’ लिहिलेले काही मॉडेल या कामाला चालतात. परदेशी खास ड्रायव्हर मागवताना वजनामुळे कुरिअर आणि कस्टम ड्यूटी दोन्ही चांगलेच लागतात. खोका नसल्याने वाचलेले पैसे तिथे जातात.

आणखी दोन गोष्टी. एक, ड्रायव्हर थेट पातळ भिंतीत लावला की भिंतच हलते. म्हणून जाड प्लायवूडची पेटी करून ड्रायव्हर समोरासमोर बसवतात आणि पेटीचं तोंड हॉलमध्ये उघडतात. दोन्ही बाजूंचे धक्के एकमेकांना मारतात. दोन, मागे हवेची उशी नसल्याने जास्त व्हॉल्यूमवर कोन मर्यादेबाहेर जाऊन ड्रायव्हर खराब होऊ शकतो. अँप्लिफायरमध्ये अगदी खालचे सूर कापणारा फिल्टर लावाच. आणि मागच्या बाजूला जाळी बसवा. आपल्याकडच्या माळ्यांवर उंदीर असतात, आणि कागदाचा कोन त्यांना आवडतो.

आता शेजाऱ्याबद्दल

अमेरिकेतली ती घरं सहसा सुटी, लाकडी सांगाड्याची असतात. वर रिकामा माळा, खाली तळघर, आणि करवतीने कापता येणारी भिंत. आपल्या फ्लॅटमध्ये स्लॅब आणि कॉलम इमारतीचे असतात, तुमचे एकट्याचे नाहीत. त्यांना भोक पाडायचा विचारही करू नका. आतली विटांची भिंत तुमची असली, तरी तिच्या पलीकडे बेडरूम असते. लक्षात ठेवा, मागून पुढच्याइतकाच आवाज निघतो. हॉलमध्ये सिनेमा रंगात आला की पलीकडे झोपलेल्या आजीला तेवढाच बास ऐकू येणार.

‘मी मोबाइलवर डेसिबल मोजतो, मर्यादेत आहे’ असंही काही जण सांगतात. इथे मोठी गफलत आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पण हे डेसिबल ‘ए-वेटेड’ असतात. या मापात खोल सुरांचं वजन मुद्दाम कमी धरलं जातं. ३१.५ हर्ट्झला तर तब्बल ३९ डेसिबल वजा होतात. म्हणजे शेजारच्या घरात ३१.५ हर्ट्झचा ८० डेसिबल बास घुमत असला, तरी मीटर ४१ च्या आसपास दाखवणार. कागदावर तुम्ही रात्रीच्या मर्यादेतही बसलात, पण त्यांच्या कपाटातली भांडी वाजतायत! फोनचा माइक तर मुळात बोलणं ऐकायला बनवलेला, खोल बास त्याला नीट कळतही नाही.

गणपतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे छातीत जे धडधडतं, ते आपल्याला नकोसं होतं. तेच आपण बारीक प्रमाणात शेजाऱ्याच्या भिंतीला देत असू, तर अ‍ॅपमधला हिरवा आकडा दाखवून सुटका होत नाही.

मग कोणी करावं, कोणी करू नये?

स्वतःचा बंगला, वेगळी माळ्याची खोली किंवा भक्कम कोठी, आणि शेजारी लांब असेल तर हा प्रयोग जरूर करा. एवढ्या पैशांत इतका खोल आणि स्वच्छ बास दुसऱ्या मार्गाने मिळणं कठीण आहे. रो-हाउसमध्ये सामाईक भिंत सोडून आतल्या भिंतीचा विचार करा. पत्र्याचं छत असेल तर आधी पत्रा घट्ट करा, नाहीतर सिनेमापेक्षा पत्राच जास्त वाजेल.

फ्लॅट असेल तर साधा बंद खोक्याचा सबवूफर घ्या आणि तो सोफ्याच्या अगदी मागे किंवा शेजारी ठेवा. तो जवळ असला की कमी व्हॉल्यूममध्येही तुम्हाला पुरेसा जाणवतो, आणि भिंतीपलीकडे कमी जातो. रात्री टीव्हीतला नाइट मोड चालू करा. धक्का हवाच असेल तर सोफ्याला लावायचा ‘बास शेकर’ मिळतो. तो हवेऐवजी सोफा हलवतो, पण पायांखाली रबर हवंच, नाहीतर खालच्या मजल्याला कळतं.

टीव्हीवरचा कर सरकारने कमी केला, पण भिंतींची जाडी आहे तेवढीच आहे. सबवूफर निवडताना आधी ती बघा, मग किंमत.