मूळ कोठे आहे?

पांझरेपलीकडच्या देवपुरातील एखाद्या घरी सततची डोकेदुखी, उलट्या किंवा अचानक आलेली आकडी यांमुळे रुग्णाचा एमआरआय काढला जातो, शस्त्रक्रिया होते आणि अहवालात ‘मेलानोमा’ हा शब्द येतो. त्वचेवरील तिळाशी जोडला जाणारा हा कर्करोग मेंदूत कसा, असा प्रश्न कुटुंबीयांना पडतो.

त्याचे उत्तर गर्भावस्थेत आहे. रंगद्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी त्या काळात त्वचेप्रमाणे मेंदूच्या आवरणांतही वस्ती करतात. क्वचित त्यांतूनच गाठ उद्भवते. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५९ मध्ये अशा विकाराचे वर्णन केले. एकूण मेलानोमांत त्याचे प्रमाण सुमारे एक टक्का आहे.

मेंदूतील बहुतेक मेलानोमा मात्र अन्यत्र उगम पावून तेथे पोहोचलेले असतात. म्हणून ‘प्राथमिक’ हे विशेषण शोध पूर्ण झाल्यावरच लावता येते. सर्व त्वचा, तोंड, गुदद्वार व डोळ्यांचा अंतर्भाग तपासावा लागतो, पेट-सीटीही करतात. भारतीयांत हा रोग तळपायावर वा नखाखालीही आढळतो. म्हणून पायमोजे उतरवून केलेली साधी तपासणीही मोलाची ठरते.

रंगद्रव्यामुळे ही गाठ एमआरआयच्या काही चित्रांत पांढरी दिसते. परंतु साकळलेले रक्तही तसेच दिसू शकते. अंतिम निर्णय ऊतींच्या तपासणीवर, एचएमबी-४५ व मेलान-ए यांसारख्या चाचण्यांवर होतो. जीएनएक्यू या जनुकातील बदल मेंदूच्या आवरणातील मेलानोमाकडे निर्देश करतो. पण तो डोळ्यातील मेलानोमातही आढळतो. त्यामुळे नेत्रतपासणी टाळता येत नाही.

गाठ एकच असून पूर्णपणे काढता आली, तर आशा अधिक असते. आवरणभर पसरलेला रोग कठीण असतो. शस्त्रक्रियेनंतर गरजेनुसार किरणोपचार आणि पेम्ब्रोलिझुमॅबसारखी प्रतिकारशक्तीला चालना देणारी औषधे दिली जातात. रुग्णच मोजके असल्याने या औषधांचा आधार मुख्यतः त्वचेच्या मेलानोमावरील अनुभवाचा आहे. कुटुंबीयांना हे स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजे.

दुसऱ्या मतासाठी परळच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या केंद्रात जाताना केवळ कागदी अहवाल नेऊ नये. काचपट्ट्या, एमआरआयची सीडी आणि ऊतींचा मेणातील ठोकळा, म्हणजे ‘ब्लॉक’, मागून घ्यावा. अहवाल हे एका तज्ज्ञाचे वाचन असते. ठोकळा हा मूळ दस्तऐवज होय. पुढील प्रत्येक चाचणी त्यावरच अवलंबून असते.