प्रेक्षकाची साक्ष

फुटबॉलचा एखादा जुना खेळाडू वारला म्हणजे त्याचे चाहते जो शोक करतात, त्याविषयीं आमच्या सुशिक्षित वर्गांत एक विशिष्ट प्रकारचें स्मित प्रचलित आहे. चेंडूला लाथ मारणाऱ्या माणसासाठीं एवढे अश्रु कशाला, हा प्रश्न त्या स्मितांत दडलेला असतो. राष्ट्रानें आपले कवि, शास्त्रज्ञ व सुधारक यांचें स्मरण करावें. खेळाडूंसाठीं हळहळणें ही गर्दीची भावविवशता होय आणि ती चार दिवसांत ओसरते, असा या मताचा मथितार्थ आहे. हें मत सभ्य भाषेंत मांडलें जातें म्हणून निरुपद्रवी वाटतें. परंतु तें चुकीचें आहे, आणि त्यापायीं आपण एक मोलाचा ठेवा गमावीत आहों, असें आमचें स्पष्ट म्हणणें आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. १९६२ सालीं जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेंत भारतानें अंतिम सामन्यांत दक्षिण कोरियाचा २-१ असा पराभव करून सुवर्णपदक मिळविलें. तें पदक भारतीय फुटबॉलला त्यानंतर पुन्हा लाभलेलें नाहीं. त्या सामन्यांतील एक गोल प्रदीपकुमार बॅनर्जी यांचा आणि दुसरा जर्नेलसिंग यांचा. चुनी गोस्वामी हे संघनायक, आणि तुळशीदास बलराम हे आघाडीच्या फळींतील तिसरे नामांकित खेळाडू. यांपैकीं बॅनर्जी २० मार्च २०२० रोजीं निवर्तले, गोस्वामी त्याच वर्षीं ३० एप्रिल रोजीं, आणि बलराम १६ फेब्रुवारी २०२३ रोजीं. गोस्वामी गेले तेव्हां देशभर टाळेबंदी होती. ज्या कलकत्त्यानें त्यांना मोहनबागानच्या वेषांत वर्षानुवर्षें पाहिलें, त्या कलकत्त्याला अंत्ययात्रेस जमण्याचीहि सोय नव्हती. मिरवणूक नाहीं, शोकसभा नाहीं, मैदानावरचें मौन नाहीं. अशा वेळीं चाहत्यापाशीं उरली ती एकच गोष्ट. ती म्हणजे त्यानें डोळ्यांनीं पाहिलेला खेळ.

आमच्या मतें शोकाचा खरा गाभा हाच आहे, आणि विद्वान् मंडळींच्या नजरेंतून तो नेमका निसटतो. कवि गेला तरी त्याचें काव्य मागें राहतें, शास्त्रज्ञाचा सिद्धान्त पुस्तकांत राहतो. खेळाडूची कृति मात्र घडतां घडतांच नाहींशी होते. त्या काळच्या भारतीय सामन्यांचें चित्रण फारच थोडें उपलब्ध आहे. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या जीवनावर 'मैदान' हा हिंदी चित्रपट २०२४ सालीं निघाला, तेव्हां त्यांतील सामने नटांकडून नव्यानें खेळवून घ्यावे लागले. जुन्या नोंदवहींत २-१ हा आंकडा सांपडेल. परंतु गोस्वामी चेंडू घेऊन प्रतिपक्ष्याला कसे चकवीत, बलरामांची चाल कोणत्या क्षणीं बदले, हें त्या आंकड्यांत कोठून येणार? त्याला साक्षीदार एकच, आणि तो म्हणजे तिकिट काढून उन्हापावसांत उभा राहिलेला प्रेक्षक. प्रस्तुत लेखकानें या तिघांपैकीं एकाचाहि खेळ पाहिलेला नाहीं. त्यांच्या खेळाविषयीं जी कांहीं कल्पना त्याला आहे, ती सर्वस्वीं अशा साक्षीदारांकडून मिळालेली आहे.

महाराष्ट्राला हा न्याय अपरिचित नाहीं. गायनाचार्य भास्करबुवा बखले १९२२ सालीं वारले. त्यांचें गाणें ध्वनिमुद्रिकेंत सांपडत नाहीं. तरीहि त्यांची थोरवी आपण निःशंकपणें मानतों, ती कशाच्या आधारावर? ज्यांनीं तें गाणें ऐकलें त्यांच्या सांगण्यावर. गवयाच्या श्रोत्याला रसिक म्हणावयाचें आणि फुटबॉलच्या प्रेक्षकाला गर्दी म्हणावयाचें, हा पंक्तिप्रपंच कोणत्या तर्कशास्त्रांत बसतो?

यावर असा आक्षेप घेतला जाईल कीं, चाहत्याची आठवण अतिशयोक्तीनें भरलेली असते; वीस हातांवरून मारलेला गोल दर वर्षीं पांच हात मागें सरकतो. आक्षेप खरा आहे. पण आमच्या बखरींतहि अतिशयोक्ति होती; म्हणून आपण त्या जाळून टाकल्या नाहींत. अस्सल पत्रांशीं त्या ताडून पाहिल्या आणि त्यांतलें ग्राह्य तें घेतलें. साक्ष तपासावी लागते हें ती ऐकून न घेण्याचें कारण होऊं शकत नाहीं.

उलट, कित्येकदां प्रेक्षकाची साक्ष सरकारी निवाड्याहून अधिक न्यायी ठरते. गोस्वामींना १९८३ सालीं पद्मश्री मिळाली, बॅनर्जींना १९९० सालीं. बलरामांना १९६२ चा अर्जुन पुरस्कार मिळाला, परंतु पद्मश्री अखेरपर्यंत मिळाली नाहीं. सरकारच्या वहींत तिघांच्या नांवांमध्यें अशी रेघ पडली. प्रेक्षकानें मात्र तीं नांवें नेहमींच एका दमांत घेतलीं. बलराम ईस्ट बंगालचे, गोस्वामी मोहनबागानचे आणि बॅनर्जी ईस्टर्न रेल्वेचे, हा भेदहि तेथें आड आला नाहीं. ज्यांच्या भक्तीला आम्ही आंधळी म्हणतों, त्यांनीं हा विवेक दाखविला आहे.

ही शोकाची रीत केवळ बंगालची नव्हे. ६ फेब्रुवारी १९५८ रोजीं म्यूनिक येथील विमान अपघातांत मँचेस्टर युनायटेडचे आठ खेळाडू प्राणास मुकले. त्यांतील डंकन एडवर्ड्‌स पंधरा दिवसांनीं रुग्णालयांत वारला, तेव्हां तो अवघा एकवीस वर्षांचा होता. त्याच्या डडली या गांवीं चर्चच्या खिडकींत रंगीत कांचांवर त्याची आकृति आहे. पण केवळ कांचेनें तो टिकला नाहीं. ज्यांनीं त्याला पाहिलें त्यांनीं सांगितलें, आणि ऐकणाऱ्यांनीं लिहून ठेवलें; म्हणून त्याच्या मृत्यूनंतर जन्मलेल्यांनाहि त्याचा खेळ वर्णन करून सांगतां येतो.

आतां आपल्या घराकडे वळूं. १ डिसेंबर १९५६ रोजीं मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्यें भारतानें यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असें हरविलें. त्यांतील तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसोझा यांचे. ऑलिंपिकमध्यें एकाच सामन्यांत तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. त्या स्पर्धेंत एकूण चार गोल करून सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या पंक्तींत ते बसले, आणि भारत चौथा आला. मूळचे गोव्याचे हे गृहस्थ मुंबईंत टाटांच्या संघाकडून खेळले आणि १९८० सालीं वारले. त्यांच्याविषयीं मराठी वाचकाला मराठींत कितीसें वाचावयास मिळतें? क्रिकेटच्या एकेका खेळीवर आम्ही पानेंच्या पानें लिहिलीं. आमच्याच शहरांतल्या या माणसावर चार ओळी लिहिण्यास आमची लेखणी धजली नाहीं. १९५६ सालीं जो मुलगा बारा वर्षांचा होता त्याची आज ऐंशी उलटली आहे. कूपरेजच्या कट्ट्यावर बसून ज्यांनीं डिसोझांना पाहिलें, ते लोक आतां बोटांवर मोजण्याइतकेच राहिले असणार, आणि तेहि फार दिवसांचे सोबती नव्हेत.

म्हणून एक मिनिटाचें मौन पाळून कर्तव्य संपलें असें मानणाऱ्या संस्थांनाहि आमचें सांगणें आहे कीं, येथें मौनाहून बोलण्याची गरज अधिक आहे. पुष्पहार मृताच्या प्रतिमेला घालावा. पण त्याच दिवशीं जिवंत साक्षीदाराजवळ बसून त्याला विचारावें कीं, तुम्हीं काय पाहिलें, कोणत्या मैदानावर, कोणत्या वर्षीं? कोल्हापुरांत पेठापेठांच्या तालमींचे संघ आजहि ईर्षेनें खेळतात, आणि तेथें जुन्या खेळाडूंच्या कथा सांगणारा वृद्ध प्रेक्षक शोधावा लागत नाहीं. गोव्यांतहि तो भेटेल. उणीव आहे ती लिहून घेणाऱ्याची. तें काम सुशिक्षितांचें आहे; पदवी मिळविली ती एवढ्यासाठींच. तें न करतां त्या वृद्धाच्या ओल्या डोळ्यांकडे पाहून हंसणें हें विद्वत्तेचें लक्षण खचित नव्हे. त्याच्याबरोबर एका खेळाडूचा सगळा खेळ जाणार आहे, आणि तो परत आणण्याचें सामर्थ्य कोणत्याहि पुरस्कारांत नाहीं.